घरच्या बागेतला दगडी चक्रव्यूह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंगणात, परसात किंवा शेतघराच्या मोकळ्या जागेत दगडांच्या ओळींनी चक्रव्यूह मांडू इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. मापांविषयीच्या सर्व उत्तरांत ‘वाटेचे माप’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला आहे : दगडांच्या एका ओळीच्या मध्यापासून शेजारच्या ओळीच्या मध्यापर्यंतचे अंतर. हे एक माप ठरले की बाकीची बहुतेक मापे त्यावरून काढता येतात.

१. चक्रव्यूह आणि भूलभुलैया यांत फरक काय?

भूलभुलैयात वाटेला फाटे असतात, काही वाटा पुढे बंद होतात आणि चालणाऱ्याला जागोजागी निवड करावी लागते. येथे ज्या चक्रव्यूहाविषयी लिहिले आहे, त्यात वाट एकच असते. ती वळत वळत मध्यापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत बाहेर यायचे असते. त्यामुळे चुकण्याचा प्रश्न येत नाही आणि भिंती उंच असण्याचीही गरज नसते. घोट्याच्या खाली राहणारी दगडांची ओळ पुरते.

२. ही आकृती आपल्याकडची आहे की बाहेरची?

दोन्हीकडची आहे. ग्रीसमधील पायलॉस येथे इ. स. पूर्व १२०० च्या सुमारास मातीच्या पाटीच्या मागच्या बाजूला कोरलेली चौकोनी आकृती सापडली आहे, क्रीटमधील क्नॉसस नगराच्या नाण्यांवर ती आहे आणि स्वीडनच्या किनाऱ्यावर तीच आकृती दगडगोट्यांनी मांडलेली शेकडो ठिकाणी दिसते. आपल्या बाजूला गोव्यातील सांगे तालुक्यात, कुशावती नदीच्या काठावरील उसगळीमळ येथे जांभ्या कातळावर प्राण्यांच्या चित्रांसोबत हीच सात फेऱ्यांची, म्हणजे मध्याभोवती सात वेळा वळणाऱ्या वाटेची, आकृती कोरलेली आहे. तमिळनाडूत पोल्लाचीजवळ गेडीमेडू येथे मोठा चौकोनी दगडी चक्रव्यूह आहे. कर्नाटकात हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिराच्या भिंतीवर महाभारतातील युद्धाच्या शिल्पपटात चक्रव्यूह अशाच वळणांनी दाखवला आहे. सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या गवताळ माळरानावर सुमारे ५० फूट रुंदीची, पंधरा फेऱ्यांची गोलाकार दगडी रचना अलीकडेच उजेडात आली. तेव्हापासून, आपल्या मातीत आणि आपल्या दगडाने हे कसे मांडता येईल, असे विचारणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

३. घराच्या आवारात चक्रव्यूह असणे अशुभ नाही का? अभिमन्यू त्यातच अडकला होता.

अभिमन्यूला आत शिरण्याची विद्या ठाऊक होती, बाहेर पडण्याची नव्हती, आणि तो व्यूह शत्रूच्या सैन्याचा होता. बागेतल्या आकृतीत आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट एकच असते आणि कोणालाही कोठेही कोंडले जात नाही. मंदिराच्या भिंतीवर जी आकृती आदराने कोरली गेली, ती अंगणात मांडण्याविषयी मनात शंका ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. तथापि घरातील वडीलधाऱ्यांना ती खटकत असेल, तर त्यांच्याशी आधी बोलून घ्यावे. त्यांना प्रश्न १ मधील फरक जमिनीवर काडीने काढून दाखवला, तर बहुतेक वेळा शंका फिटते.

४. किमान किती जागा लागते?

हे फेऱ्यांच्या संख्येवर आणि वाटेच्या मापावर अवलंबून आहे. सात फेऱ्यांच्या पारंपरिक आकृतीची रुंदी वाटेच्या मापाच्या १५ पट आणि खोली १३.५ पट भरते. तीन फेऱ्यांच्या आकृतीची रुंदी ७ पट आणि खोली ६.५ पट होते. वाटेचे माप ४५ सेंमी धरले, तर सात फेऱ्यांना सुमारे ६.७५ मीटर × ६.१ मीटर जागा लागते, म्हणजे साधारण २२ फूट × २० फूट. माप ६० सेंमी घेतले, तर ९ मीटर × ८.१ मीटर लागते. तीन फेऱ्यांना ४५ सेंमीच्या मापाने ३.१५ मीटर × २.९ मीटर, म्हणजे जेमतेम साडेदहा फूट × साडेनऊ फूट जागा पुरते. याशिवाय चारही बाजूंना किमान अर्धा मीटर मोकळा सोडावा. कुंपणाला किंवा भिंतीला खेटून चालावे लागले की बाहेरच्या फेऱ्या कोणी चालत नाही.

५. वाट किती रुंद ठेवावी?

४५ सेंमीच्या मापात १५ सेंमी रुंदीचे दगड बसवले की पायाला ३० सेंमी मोकळी वाट उरते. एका माणसाला सावकाश चालण्यास ती पुरते. फ्रान्समधील शार्त्र कॅथेड्रलच्या फरशीतील प्रसिद्ध अकरा फेऱ्यांच्या चक्रव्यूहाची वाटही सुमारे ३४ सेंमीचीच आहे. मात्र तेथे दोन्ही बाजूंना फरशी सपाट आहे आणि पाऊल ओळीवर पडले तरी काही बिघडत नाही. आपल्या ओळी दगडांच्या आणि उंचवट्याच्या असल्याने, साडी नेसून किंवा धोतर नेसून चालणारी माणसे घरात असतील, तर ६० सेंमीचे माप घ्यावे. जागा कमी असेल तर वाट चिंचोळी करण्याऐवजी फेऱ्या कमी कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. सात फेऱ्यांच्या हट्टापायी ३० सेंमीच्या मापावर मांडलेल्या रचना पाहण्यापुरत्या राहतात. पहिल्या आठवड्यानंतर त्यांतून कोणी चालत नाही. चाकाच्या खुर्चीसाठीचे माप प्रश्न १७ मध्ये दिले आहे.

६. सात फेऱ्यांची आकृती काढायची कशी? चित्र पाहूनही समजत नाही.

पूर्ण आकृतीकडे पाहून ती उतरवू नये. ती एका छोट्या बीजाकृतीपासून वाढवायची असते आणि ती आधी कागदावर दोन-तीनदा काढून पाहावी.

चौकटीच्या कागदावर बाजू ४ घरे असलेला एक चौरस कल्पावा. त्याच्या मधोमध, चारही बाजूंना टेकणारी अधिकाची खूण काढावी. त्यामुळे झालेल्या चार भागांपैकी प्रत्येकात एक काटकोन काढावा. त्याचा कोपरा चौरसाच्या मध्याकडे आणि दोन्ही हात बाहेरच्या बाजूंना टेकलेले असावेत. चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक ठिपका द्यावा. आता अधिकाच्या खुणेची ४, काटकोनांची ८ आणि ठिपके ४, अशी एकूण १६ टोके झाली. ही टोके दोन-दोन करून आठ कमानींनी जोडली की आकृती पूर्ण होते.

पहिली कमान अधिकाच्या वरच्या टोकापासून वरच्या उजव्या काटकोनाच्या वरच्या टोकापर्यंत काढावी. मग डावीकडे एक टोक आणि उजवीकडे एक टोक पुढे सरकत जावे. डाव्या काटकोनाचे वरचे टोक उजव्या वरच्या ठिपक्याला जोडावे. डावा वरचा ठिपका उजव्या काटकोनाच्या आडव्या टोकाला. डाव्या काटकोनाचे आडवे टोक अधिकाच्या उजव्या टोकाला. अधिकाचे डावे टोक खालच्या उजव्या काटकोनाच्या आडव्या टोकाला. खालच्या डाव्या काटकोनाचे आडवे टोक खालच्या उजव्या ठिपक्याला. खालचा डावा ठिपका खालच्या उजव्या काटकोनाच्या खालच्या टोकाला. आणि शेवटी खालच्या डाव्या काटकोनाचे खालचे टोक, सर्वांच्या बाहेरून फिरवून, अधिकाच्या खालच्या टोकाला. प्रत्येक कमान आधीच्या कमानीच्या बाहेरून जाते आणि कोणतीही कमान दुसरीला छेदत नाही. प्रवेश अधिकाच्या खालच्या टोकाच्या डाव्या बाजूला आपोआप तयार होतो.

बाहेरून आत मोजल्यास वाट प्रथम तिसऱ्या फेऱ्यात शिरते, मग दुसऱ्या, पहिल्या, चौथ्या, सातव्या, सहाव्या आणि पाचव्या फेऱ्यातून जाऊन मध्याला पोहोचते. कागदावर बोट फिरवून हा क्रम जुळतो का, ते पाहावे.

७. हीच आकृती जमिनीवर नेमकी कशी उतरवावी?

लागणारे सामान घरचेच आहे : लोखंडी किंवा बांबूच्या खुंट्या, न ताणणारी नायलॉनची दोरी, मोजपट्टी, आणि मैदान आखायला वापरतात ती पांढरी फक्की. सुतळी ओलाव्याने आणि ताणाने लांबते, त्यामुळे ती कमानींसाठी वापरू नये.

प्रथम बीजाकृतीचा चौरस आखावा. त्याची बाजू वाटेच्या मापाच्या चौपट. गवंड्याचा गुण्या एवढ्या मोठ्या कोनाला अपुरा पडतो, म्हणून ३-४-५ च्या त्रिकोणाने काटकोन तपासावा : एका बाजूवर १८० सेंमी, दुसऱ्या बाजूवर २४० सेंमी मोजले, तर त्या दोन बिंदूंतील तिरके अंतर बरोबर ३०० सेंमी भरले पाहिजे. चौरसाच्या प्रत्येक बाजूचे चार समान भाग करून काटकोन आणि अधिकाची खूण आखून घ्यावी.

येथे बहुतेक जण अडतात. कमानींचे केंद्र अधिकाच्या वरच्या टोकावर नसते. ते त्याच ओळीत, उजवीकडे अर्ध्या वाटेवर असते. तेथे मुख्य खुंटी ठोकावी. त्या खुंटीपासून अर्धे, दीड, अडीच असे करत साडेसात मापांपर्यंतच्या त्रिज्येने वरच्या बाजूची आठ अर्धवर्तुळे फक्कीने काढावीत. त्यांपैकी बाहेरच्या ओळी चौरसाच्या दोन्ही अंगांनी खाली उतरवायच्या असतात. उजव्या अंगाच्या ओळींसाठी दोरी उजव्या वरच्या ठिपक्यावरील खुंटीला आणि डाव्या अंगाच्या ओळींसाठी डाव्या वरच्या ठिपक्यावरील खुंटीला बांधून पाव वर्तुळे काढली की त्या आपापल्या टोकाला येऊन मिळतात. सर्वांत बाहेरच्या दोन ओळी उजवीकडे खालच्या ठिपक्याभोवती आणखी एक छोटे वळण घेतात. डावीकडे तसे वळण फक्त सर्वांत बाहेरची एकच ओळ घेते.

एक दगडही ठेवण्यापूर्वी फक्कीच्या या आखणीतून घरातील प्रत्येकाने आत जाऊन बाहेर यावे. फक्की पुसणे सोपे असते, रोवलेले दगड उपटणे सोपे नसते.

८. तीन फेऱ्यांच्या आकृतीत काय बदलते?

काटकोन गळतात. बाजू २ घरे असलेल्या चौरसात अधिकाची खूण आणि कोपऱ्यांवर चार ठिपके एवढेच बीज राहते. आठ टोके, चार कमानी. जोडण्याचा क्रम आणि केंद्राची जागा प्रश्न ६ आणि ७ प्रमाणेच. प्रथमच करणाऱ्याने हीच आकृती घ्यावी.

९. किती दगड लागतील आणि ते वजनाला किती भरतील?

सात फेऱ्यांच्या आकृतीत दगडांच्या सर्व ओळींची एकूण लांबी वाटेच्या मापाच्या सुमारे १८० पट असते आणि चालण्याची वाट एका दिशेने सुमारे १५५ पट. म्हणजे ४५ सेंमीच्या मापाला सुमारे ८० मीटर ओळ आणि ७० मीटर वाट. १५ सेंमीचे दगड एकमेकांना टेकवून ठेवले, तर साधारण ५४० दगड लागतात. काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा, १५ सेंमी व्यासाचा गोटा साधारण ५ किलोंचा असतो. तेव्हा एकूण वजन अडीच टनांहून अधिक होते. खाणीतून दगड ब्रासच्या हिशेबाने मिळतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. या कामाला अर्धा ते पाऊण ब्रास पुरतो. तीन फेऱ्यांच्या आकृतीत ओळीची लांबी मापाच्या फक्त ४५ पट असते, म्हणजे सामान पाव हिश्श्यावर येते.

१०. कोणता दगड घ्यावा?

आपल्या परिसरात जो निघतो तो. देशावर काळा दगड सहज मिळतो. तो झिजत नाही आणि पावसाने बिघडत नाही, परंतु उन्हाळ्यात दुपारी अनवाणी पायाला चटका देतो. कोकणात आणि गोव्यात जांभा. तो खाणीतून काढल्यावर मऊ असतो आणि हवेत हळूहळू टणक होतो, म्हणून ताज्या चिऱ्याचे तुकडे हव्या त्या मापात तासून घेता येतात. जांभ्यावर पावसाळ्यात शेवाळ लवकर धरते; ओळीवर पाय न देता चालायचे असल्याने ते फारसे आड येत नाही. विदर्भाच्या पूर्व भागात वालुकाश्म मिळत असेल, तर तोही चालतो. दुकानातले पॉलिश केलेले पांढरे गोटे मी सुचवणार नाही : ते महाग असतात, पहिल्या पावसात मातीने मळतात आणि गुळगुळीत असल्याने जागेवर ठरत नाहीत.

११. नदीपात्रातून, माळावरून किंवा डोंगरावरून दगड उचलून आणले तर चालेल का?

नाही. नदीपात्रातील आणि सरकारी जमिनीवरील दगड गौण खनिजात मोडतात. महाराष्ट्रात त्यांच्या उत्खननाला आणि वाहतुकीला २०१३ च्या गौण खनिज नियमांनुसार महसूल खात्याची परवानगी लागते. वनजमिनीवरून तर काहीच उचलता येत नाही. परवानाधारक खाणीतून पावती घेऊन दगड आणावा, अथवा स्वतःच्या शेतात नांगरताना वर आलेले किंवा जुने जोते पाडताना निघालेले दगड वापरावेत.

याहून गंभीर भाग पुढे आहे. माळावर ओळीत दिसणारे दगड नुसते दगड नसू शकतात. प्राचीन शिळावर्तुळे, वीरगळ, सतीशिळा आणि पडक्या गढीचे दगड लोकांनी बांधाला आणि पायाला वापरून टाकल्याने आपण पुष्कळ गमावले आहे. बोरामणीची रचना जमिनीपासून जेमतेम वर उठलेल्या दगडांची आहे. तिच्यातले काही दगड कोणी उचलले असते, तर आकृती वाचताच आली नसती. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावरील, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळमाळावरील, कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि त्यांच्या आसपास नव्या दगडांची मांडणी करणे, फोटोसाठी रेषांत खडू भरणे, रेषा खरवडणे, हे सगळे टाळले पाहिजे. स्वतःचा सडा असला तरी तेथे काही मांडण्यापूर्वी गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात कातळ नीट पाहून घ्यावा. काही रेषा दिसल्यास पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि आपले काम दुसरीकडे न्यावे.

१२. दगड नुसते ठेवायचे की रोवायचे? सिमेंट लावावे का?

रोवायचे, आणि सिमेंट लावू नये. फक्कीच्या रेषेवर कुदळीने किंवा खुरप्याने चर काढून प्रत्येक दगड उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत जमिनीत बसवावा. दगड हातात फिरवून पाहिला की त्याचे सपाट, जड बूड कळते; ते खाली घ्यावे आणि निमुळते अंग वर. चराच्या तळाशी दोन बोटे कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून त्यावर दगड दाबून, दोन्ही बाजूंनी डावा-उजवा हलवून बसवला आणि कडेने मुरूम ठोकला की तो हलत नाही. बसलेल्या दगडावर पायाचा भार देऊन पाहावा. किंचित जरी डुलला, तरी काढून पुन्हा बसवावा, कारण डुलणारा दगड पहिल्या पावसात कलतो आणि त्याच्याबरोबर शेजारचे दोन कलतात. सिमेंट लावले की आखणीतली चूक सुधारता येत नाही, पाणी मुरत नाही आणि जमीन थोडी खचली की ओळ तडकते.

कामाची सुरुवात बीजाकृतीपासून करावी आणि आतल्या कमानींकडून बाहेर जावे. बाहेरून सुरू केल्यास आतल्या बाजूला सामान वाहून नेताना बसवलेल्या ओळी तुडवल्या जातात. आतून बाहेर काम केले तरच प्रत्येक वेळी मोकळ्या जमिनीवर उभे राहता येते.

१३. आमची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. मग?

काळ्या मातीत दगड थेट रोवू नयेत. संपूर्ण आकृतीच्या जागेवरची माती १५ ते २० सेंमी खोल काढून तेथे मुरमाचा थर द्यावा, पाणी मारून धुम्मसने ठोकावा आणि त्यावर आखणी करावी. काढलेली माती बागेच्या वाफ्यांना उपयोगी पडते. एवढे काम शक्य नसल्यास निदान ओळींच्या चरांत मुरूम भरावा आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी कललेले दगड सरळ करण्याची तयारी ठेवावी. जांभ्या जमिनीत किंवा मुरमाड माळावर हा त्रास नाही.

१४. पावसाळ्यात वाटांत पाणी साचते. उपाय काय?

दगडांची प्रत्येक कमान हा एक छोटा बांधच असतो, त्यामुळे पाणी अडणारच. जागेला आधीच एका बाजूला हलका उतार द्यावा. १०० सेंमीला १ सेंमी पुरतो. उताराच्या बाजूच्या ओळींत, पाणी साचते त्या ठिकाणी दोन दगडांमध्ये दोन-तीन बोटांची फट ठेवावी. फटीमुळे ओळ तुटल्यासारखी दिसत नाही. सर्वांत बाहेरच्या ओळीपलीकडे उथळ चर काढून पाणी झाडांकडे वळवता येते. काम दसऱ्यानंतर सुरू करून होळीपूर्वी संपवणे सोयीचे असते; जमीन ओलसर असताना चर सहज निघतात आणि पुढच्या पावसापूर्वी सर्व काही ठोकून बसते.

१५. दगडांखाली विंचू, साप येतील का?

येऊ शकतात आणि ही काळजी हलक्याने घेऊ नये. ढिगाने रचलेले, खाली पोकळी असलेले दगड हे विंचवांचे आणि कोकणात फुरशांचे आवडते ठिकाण असते. म्हणूनच प्रश्न १२ प्रमाणे दगड रोवून कडेने मुरूम ठोकणे महत्त्वाचे आहे. पोकळी नसेल तर आश्रय नसतो. दगडावर दगड रचून ओळ उंच करू नये. उरलेले दगड आवारात ढिगाने ठेवू नयेत. वाटांवर पालापाचोळा साठू देऊ नये, अंधार पडल्यावर विजेरीशिवाय आणि अनवाणी जाऊ नये, आणि जुना दगड हलवताना हातमोजे घालून तो आपल्यापासून दूरच्या कडेने उचलावा, म्हणजे दगड आपल्या आणि त्या जिवाच्या मध्ये राहतो. दंश झाल्यास कोणताही घरगुती उपचार न करता थेट रुग्णालय गाठावे.

१६. वाटांवर काय घालावे? गवत फार माजते.

मुरूम ठोकून वर बारीक कच पसरणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. हरळीची हिरवळ सुंदर दिसते, परंतु ती दगडांच्या फटींतून पसरते आणि वर्षभरात ओळी झाकून टाकते. तिच्यासाठी दर पंधरवड्याला खुरपे हातात घ्यावे लागते. गाजरगवत फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे. तणनाशक मारू नये, कारण ही अनवाणी चालण्याची जागा आहे. परदेशात लॉनवर चक्रव्यूह करू इच्छिणाऱ्यांनी सपाट दगड गवताच्या पातळीत बसवावेत, म्हणजे गवत कापण्याचे यंत्र वरून फिरवता येते.

१७. घरात चाकाची खुर्ची किंवा वॉकर वापरणारे आहेत. त्यांच्यासाठी काय करावे?

मोकळी वाट किमान ९० सेंमी हवी. १५ सेंमीचे दगड धरल्यास वाटेचे माप १०५ सेंमी होते आणि तीन फेऱ्यांची आकृती सुमारे ७.४ मीटर रुंद होते. सात फेऱ्या करायच्या तर जवळजवळ १६ मीटर लागतील. पृष्ठभाग कचेऐवजी घट्ट ठोकलेल्या मुरमाचा किंवा शहाबादी फरशीचा असावा. वळणांवरचे दगड जमिनीच्या पातळीत बसवावेत, म्हणजे चाक ओळीवर गेले तरी अडणार नाही. मध्यावर खुर्ची वळवता यावी म्हणून तेथे दीड मीटर जागा मोकळी ठेवावी. त्यासाठी पहिली कमान मोठी काढून बाकीच्या त्या मानाने बाहेर सरकवाव्यात.

१८. चालताना कधी उजवीकडून, कधी डावीकडून फिरावे लागते. ही उलटी प्रदक्षिणा होत नाही का?

सात फेऱ्यांच्या आकृतीत प्रत्येक फेऱ्यानंतर दिशा बदलते. प्रश्न ६ प्रमाणे आखल्यास आत जाताना चार फेरे घड्याळाच्या दिशेने आणि तीन उलट दिशेने होतात; परत येताना हेच फेरे उलटतात, तेव्हा एकूण दोन्ही दिशांचे सात-सात होतात. प्रदक्षिणा देवतेला उजव्या हाताशी ठेवून घातली जाते आणि तिचे नियम वेगळे आहेत. हे चालणे म्हणजे प्रदक्षिणा नव्हे, असे समजून चालावे. याच कारणाने मध्यावर तुळशीवृंदावन ठेवण्याचा सल्ला मी देत नाही : तिच्याभोवती फिरायला तेथे जागा नसते, आणि रोज पाणी घालायला जाताना घरची माणसे ओळी ओलांडू लागतात. मध्यावर बसता येईल असा एक सपाट दगड पुरे. तुळस प्रवेशाजवळ ठेवावी.

१९. प्रवेश कोणत्या दिशेला असावा?

घरातून पाय जिकडून सहज येतात, तिकडे. संध्याकाळी चालणार असाल, तर आत शिरताना मावळतीचे ऊन डोळ्यांवर येणार नाही एवढे पाहावे.

२०. आखणी उलटी होऊन प्रवेश उजवीकडे आला आहे. मोडावी लागेल का?

पहिली कमान उजवीकडे नेण्याऐवजी डावीकडे नेली की आकृती आरशातल्यासारखी उलटते आणि प्रवेश अधिकाच्या उजवीकडे येतो. दोन्ही रूपे बरोबर आहेत. जुन्या उदाहरणांतही दोन्ही आढळतात.

२१. सगळे नीट केले, तरी मध्याला पोहोचतच नाही. मध्येच वाट बंद होते किंवा पुन्हा बाहेर येतो.

एखादी कमान एक टोक सोडून पुढच्या टोकाला जोडली गेली आहे. बहुतेक वेळा चूक ठिपक्यांपाशी असते, कारण ठिपक्याला एकच ओळ मिळते आणि काटकोनाला दोन, हे दगड बसवण्याच्या ओघात लक्षात राहत नाही. अधिकाच्या वरच्या टोकापासून सुरुवात करून, एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे, अशा दोघांनी प्रश्न ६ मधील क्रमाने एकाच वेळी टोके मोजत यावे. ज्या जोडीत दोघांचे टोक एका कमानीवर भेटत नाही, तेथून पुढच्या ओळी बदलायच्या असतात. प्रत्येक वेळी सर्व मोडावे लागत नाही. चूक बाहेरच्या दोन कमानींत असेल, तर चौरसाजवळचे काही दगड हलवून काम भागते.

२२. जागेच्या मध्येच आंब्याचे झाड किंवा नारळ आहे. ते तोडावे लागेल का?

मुळीच नाही. आकृतीचे खरेपण तिच्या गोलाईत नसून टोके कशी जोडली आहेत यात असते. ओळी वाकड्या झाल्या, एक बाजू चपटी झाली, आकृती लंबगोल झाली, तरी १६ टोकांच्या जोड्या बरोबर असतील तर वाट बरोबरच राहते. झाड एखाद्या ओळीवर येईल अशा बेताने बीजाकृती सरकवावी आणि त्या ओळीचे दगड बुंध्याच्या दोन्ही बाजूंनी वळवून घ्यावेत. शेजारच्या ओळी तेवढ्याच बाहेर सरकवाव्यात. बुंध्यापासून एक मीटरच्या आत चर खणू नयेत, मुळे तुटतात. तेथे दगड पातळ कचेवर नुसते बसवावेत. नारळाखाली मात्र वाट नेऊ नये. पडणाऱ्या झावळ्या आणि नारळ यांचा धोका कोणत्याही आखणीने टळत नाही.

२३. आम्ही इमारतीत राहतो. गच्चीवर करता येईल का?

दगडांनी नाही. प्रश्न ९ मधील वजन पाहिले की कारण कळते. शिवाय दगडांखाली ओल धरून गच्चीचा जलरोधक थर खराब होतो. सोसायटीची परवानगी घेऊन फरशीवर रंगाने ओळी आखाव्यात, किंवा जाड कापडावर आकृती रंगवून ते गरजेच्या वेळी अंथरावे. आखणीची पद्धत तीच राहते. खुंटी ठोकता येत नसल्याने केंद्रावर पाण्याने भरलेला हंडा ठेवून त्याच्या मानेला दोरी बांधतात, परंतु त्याने त्रिज्या चुकते. त्याऐवजी एकाने मोजपट्टीचे टोक केंद्रावर पायाने दाबून धरावे आणि दुसऱ्याने खडू फिरवावा.

२४. दोघे समोरासमोर आले तर कोणी थांबावे?

आत जाणाऱ्याने थांबून बाहेर येणाऱ्याला शेजारच्या वाटेवर पाऊल टाकून पुढे जाऊ द्यावे. लहान मुले ओळी ओलांडून धावतील. दगड नीट बसलेले असतील तर धावू द्यावे.

२५. जागा भाड्याची आहे. पुढे काढून टाकायचा झाल्यास काय करावे?

मालकाची लेखी संमती आधी घ्यावी आणि दगड रोवण्याची खोली १० सेंमीच्या आत ठेवावी. काढताना बाहेरच्या ओळीपासून सुरुवात करून चर मुरमाने बुजवावेत. दगड दुसऱ्या जागी पुन्हा मांडायचे असतील, तर बीजाकृतीचे दगड वेगळ्या पोत्यात भरून त्यावर खूण करावी. त्यांची मापे वळणांना जुळवून निवडलेली असतात आणि तसे दगड पुन्हा शोधण्यात सर्वाधिक वेळ जातो.